शाहपुरातून दिसणारे भाऊ

मुक्ताईनगरकडून बुऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागलं की इच्छापूरला, देवीच्या टेकडीपाशी पोचेपर्यंत महाराष्ट्र मागे पडलेला असतो. गाड्यांचे नंबर बदलतात, दुकानांवरच्या पाट्या बदलतात, वीजबिलावरची भाषा बदलते. शेत मात्र बदलत नाही. तीच काळी जमीन, त्याच केळीच्या बागा आणि बागांच्या बुडाशी ठिबकच्या त्याच काळ्या नळ्या. याच वाटेवर पुढे शाहपूर लागतं. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं हे नगरपरिषदेचं गाव. कचेरीतला अर्ज हिंदीत आणि बांधावरचं भांडण मराठीत, असा इथला व्यवहार. खंडव्याचे अनेक वर्षं खासदार राहिलेले नंदकुमारसिंह चौहान इथलेच. नगरपालिकेच्या राजकारणातून वर आलेले आणि मार्च 2021 मध्ये वारलेले. शाहपूरचा माणूस म्हटलं की बाहेरच्यांना त्यांचंच नाव आठवतं.

हा लेख त्यांच्यावर नाही. ज्यांच्यावर आहे ते शाहपूरचे नव्हते. इथे त्यांनी धर्मशाळा बांधली नाही, देवळाला कळस चढवला नाही, शाळेला देणगी दिल्याचंही मला ठाऊक नाही. तरी गेल्या तीस वर्षांत या पट्ट्यातल्या जमीनदार घरांत जो फरक पडला, नवी घरं उठली, मुलं इंदूर-पुण्याला शिकायला गेली, त्याचा एक धागा जळगावच्या भवरलाल जैन यांच्यापर्यंत जातो. खानदेशात त्यांना 'भाऊ' म्हणत, पुढे वय झाल्यावर 'मोठेभाऊ'. त्यांच्या आयुष्यात कुटुंब, धंदा आणि दानधर्म एकमेकांत असे गुंतले होते की त्यातलं एक वेगळं काढून दाखवणं अवघड आहे. जळगावात त्यांची आठवण सांगणारे खूप आहेत. शाहपुरातून ते कसे दिसतात, हे सहसा कोणी विचारत नाही.

जळगाव-अजिंठा रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी वाकोद आहे. जामनेर तालुक्यातलं गाव. भाऊंचे पूर्वज 1887 च्या सुमारास राजस्थानातल्या जोधपूरजवळच्या आगोलाईतून पाणी आणि पोट यांच्या शोधात निघाले आणि इथे थांबले. मारवाडातून खानदेशात आलेल्या शेकडो कुटुंबांची हीच कथा आहे. पुढची पिढी दुकान टाकते, तिसरी सावकारी करते आणि चौथी शहरात जाते, हा त्यातला ठरलेला क्रम. या घराण्याचा क्रम थोडा चुकला. ते शेतीत शिरलं आणि तिथेच राहिलं.

12 डिसेंबर 1937 रोजी हिरालाल आणि गौराबाई यांच्या पोटी भवरलाल जन्मले. वाकोद, जळगाव आणि मग मुंबई असं शिक्षण झालं. वाणिज्याची पदवी घेतली, कायद्याची घेतली. सरकारी अधिकाऱ्याच्या परीक्षेत निवडही झाली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यातल्या एखाद्या घरात मुलगा डेप्युटी कलेक्टर होणं म्हणजे काय, हे आज सांगायला नको. गावात मिरवणूकच निघायची. भाऊंनी ती नोकरी घेतली नाही. या नकाराचं श्रेय ते आयुष्यभर आईला देत. गौराबाई शिकलेल्या नव्हत्या. नोकरीत तुझं एकट्याचं भागेल, पण माणसांबरोबर गुराढोरांचं, पाखरांचंही पोट भरेल असं काहीतरी कर, या अर्थाचं त्या बोलल्या आणि मुलाने ते मनावर घेतलं. उद्योजकांच्या चरित्रात अशी एक आई बहुतेक वेळा असतेच, आणि अशा गोष्टी वर्षानुवर्षं सांगून सांगून गुळगुळीत होतात हेही खरं. पण पुढची पन्नास वर्षं हा माणूस शेतीच्या आसपासच राहिला, आणि एकदाच जेव्हा तिच्यापासून लांब गेला तेव्हा तोंडघशी पडला. म्हणून ही गोष्ट मी सोडून देत नाही.

1963 साली घरातली तीन पिढ्यांची शिल्लक होती सात हजार रुपये. त्यावर रॉकेलची एजन्सी घेतली आणि हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली. वकिलीची पदवी घेतलेला पोरगा हातगाडी ढकलतो म्हटल्यावर नातेवाईक काय म्हणाले असतील, ते कल्पनेवर सोडू. मग ट्रॅक्टर, खतं, बियाणं, औषधं, पाइप अशा एकामागून एक एजन्सी आल्या. शेतकऱ्याला जे जे लागतं ते ते एका दुकानात. शेती हा उज्ज्वल भविष्य असलेला व्यवसाय आहे, असं ते तेव्हा जाहिरातीत छापत. त्या काळात हे वाक्य छापायला धाडसच लागत असणार, कारण बापच पोराला शेतीपासून लांब जा म्हणून सांगत होता.

1978 मध्ये त्यांनी तीस लाख रुपयांना एक बंद पडत आलेला कारखाना घेतला. तो होता केळीची पावडर करण्याचा. खानदेशात पिकतं काय तर केळी, तेव्हा तिची पावडर करून विकू, असा विचार आधी कोणीतरी केला होता आणि तो चालला नव्हता. भाऊंनी त्याच यंत्रांवर पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. हे पाचक द्रव्य औषधांत आणि खाद्यपदार्थांत वापरतात. ते परदेशी जाऊ लागलं आणि पैसा आला. 1980 मध्ये पीव्हीसी पाइप आले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक.

ठिबक मूळचं इस्राएलचं. सिमखा ब्लास नावाच्या जलअभियंत्याने ते घडवलं आणि 1965 मध्ये हात्झेरीम या किबुत्झने त्याच्या उत्पादनासाठी कंपनी काढली. वाळवंटातल्या त्या कल्पनेला भाऊंनी खानदेशच्या बांधावर आणलं. त्यासाठी नळ्या विकणं पुरेसं नव्हतं. केळी म्हणजे पाणी पिणारं पीक, तिला पाटाने भरपूर पाणी द्यायचं, हे शंभर वर्षांचं शहाणपण होतं. थेंबाथेंबाने केळी कशी जगेल, हा शेतकऱ्याचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. त्याचं उत्तर बोलून देता येत नव्हतं, लावून दाखवावं लागत होतं. जळगावजवळच्या शिरसोली रस्त्यावरचा उघडाबोडका डोंगर, आज ज्याला जैन हिल्स म्हणतात, त्यासाठी घेतला. तिथे चर खणले, तळी केली, पाणी अडवलं, बागा लावल्या आणि शेतकऱ्यांना बसमध्ये भरून आणून दाखवल्या. रावेर, यावल, बुऱ्हाणपूर भागातून हजारो जण ते पाहून आले आहेत.

पण केळीपट्टा खऱ्या अर्थाने बदलला तो रोपाने. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण शाहपुराशी खरा संबंध इथे येतो.

पूर्वी बाग लावायची म्हणजे दुसऱ्याच्या बागेतून कंद आणायचे. वाढलेल्या केळीच्या बुडाशी पील फुटतं, ते कंदासकट खणून काढायचं, मुळ्या तासायच्या आणि लावायचं. ज्याची बाग चांगली त्याच्याकडे आगाऊ शब्द टाकायचा. कंदाबरोबर सोंडकिडा यायचा, सूत्रकृमी यायचे, त्या बागेचे रोगही यायचे. कंद लहानमोठे, म्हणून बागही एकसारखी होत नसे. एक झाड आज निसवलं, म्हणजे त्याचा घड बाहेर पडला, तर शेजारचं दोन महिन्यांनी. त्यामुळे कापणी रेंगाळे, व्यापारी खेटे घालायला कंटाळे आणि भाव पाडून मागे. लावणीपासून घड हातात येईपर्यंत दीड वर्ष जायचं. पाणी पाटाने, त्यात वीज रात्रीची, म्हणजे थंडीत मध्यरात्री उठून दारं धरायची. ज्या घरात केळी त्या घरातल्या बायकांना नवऱ्याची झोप कधी पुरी झालेली आठवत नाही.

नव्वदच्या दशकात भाऊंच्या प्रयोगशाळेने इस्राएलहून आणलेल्या ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपं बाजारात आणली. आपल्याकडे तिला सगळे 'जी-नाइन' म्हणतात आणि रोपांना नुसतं 'टिश्यू'. निरोगी झाडाच्या कोंबाचा शेंडा घ्यायचा, तो काचेच्या बरणीत पोषक द्रव्यावर वाढवायचा, एकाचे अनेक करायचे, मग हरितगृहात, मग शेडनेटखाली त्याला बाहेरच्या उन्हावाऱ्याची सवय लावायची आणि चार-सहा पानांचं झालं की पिशवीतून शेतात. सगळी रोपं एका वयाची. बाग एका वेळी निसवते, एका वेळी कापायला येते. दीड वर्षाचं पीक अकरा-बारा महिन्यांवर आलं. घड वजनदार, फण्या भरलेल्या, दिसायला एकसारखा माल. दिल्ली-पंजाबच्या व्यापाऱ्याला नेमकं हेच हवं होतं. ठिबकमधूनच खत देता येऊ लागलं, तेव्हा रात्रीची दारंही सुटली.

सुरुवातीला ही रोपं पाहून लोक हसले होते. रानातल्या केळीला बरणीतलं पोर कसं चालेल, असा सूर होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याच रोपांसाठी नावनोंदणी करून थांबावं लागू लागलं. आज बुऱ्हाणपूर जिल्ह्यात वीस हजार हेक्टरांहून जास्त केळी आहे आणि 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत जिल्ह्याने केळीचंच नाव दिलं आहे. बुऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा लिलाव होतो आणि तिथे निघालेल्या भावाकडे पलीकडचे रावेर-सावद्याचे शेतकरी-व्यापारी रोज कान लावून असतात. पूर्वी हे शहर मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी होतं. केळीच्या भावाच्या बाबतीत ते आजही राजधानीच आहे असं म्हणायला हरकत नाही.

आता कोणी म्हणेल, यात सेवा कुठे आली? रोप विकलं, पैसे घेतले. बरोबर आहे. पाच बाय पाच फुटांवर लावलं तर एकरी सतराशेच्या वर झाडं बसतात. रोपाचे पंधरा रुपये धरले तरी झाड जमिनीत जाण्याआधी पंचवीस हजार गेले. ठिबकचा खर्च वेगळा. त्यावर सरकारी अनुदान मिळतं, आणि अनुदानाने शेतकऱ्याबरोबर ठिबक कंपन्यांचीही भरभराट झाली, हेही तितकंच खरं. भवरलाल जैन संत नव्हते, व्यापारी होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. शेतकऱ्याला फुकट दिलेल्या वस्तूची तो कदर करत नाही आणि तोट्यात विकणारा दुकानदार पुढच्या वर्षी दुकानात नसतो, हे हातगाडीपासून शिकलेला माणूस होता तो.

तरी मी त्याला सेवा म्हणतो, ती एका कारणासाठी. बाजारात दोन तऱ्हेचे विक्रेते असतात. एकाला माल खपला की गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नसतं. दुसऱ्याला गिऱ्हाइकाचं पीक आलं तरच पुढच्या वर्षी आपला माल खपणार हे ठाऊक असतं, म्हणून तो बांधावर येतो. भाऊंनी कृषिपदवीधरांची फौज बांधावर पाठवली. खत कधी, किती, घड झाकायचा कसा, फण्या कोणत्या ठेवायच्या, हे सगळं सांगायला. खेड्यातल्या शेतकऱ्याला हे शास्त्र सरकारी खात्याने पुरवायचं असतं. तापीकाठी ते बऱ्याच अंशी एका दुकानदाराने पुरवलं.

दानाचं या भूमीला नवं काही नाही. अब्दुर्रहीम खानखानान बुऱ्हाणपुरात अनेक वर्षं सुभेदार होते. दान देताना ते नजर खाली ठेवत, देणारा आपण नव्हेच म्हणून, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. त्यांच्याच काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी तज्ज्ञाने सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारांतून शहरात आणणारी कुंडी भंडाऱ्याची योजना बांधली. शंभराहून अधिक कुंड्या, एकाही ठिकाणी पंप नाही, नुसत्या उतारावर चालणारं पाणी. चारशे वर्षांनंतरही त्यात पाणी आहे. रहीम यांच्या दानाच्या थैल्या कोणाला मिळाल्या त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत. कुंडी भंडारा मात्र बुऱ्हाणपूरच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. भाऊंची सेवा मला थैल्यांपेक्षा या कुंड्यांच्या जातीची वाटते.

आता शेतीपासून लांब गेल्यावरची, वर म्हटलेली ती घसरगुंडी. 1991 नंतर देशात भांडवलाचा बाजार फुलला. शेअर काढा, पैसा उभारा, वाटेल त्या धंद्यात घाला, असे दिवस होते. भाऊही त्यात वाहवले. वित्तपुरवठा, संगणक, ग्रॅनाइट अशा शेतीशी काडीचा संबंध नसलेल्या धंद्यांत त्यांच्या कंपनीने पाय टाकला आणि ते बुडाले. कर्ज डोक्यावर, शेअरचा भाव तळाला, सोडून जाणारे सोडून गेले. या वेळी त्यांनी जे केलं ते आपल्याकडे दुर्मीळ आहे. वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन देऊन त्यांनी भागधारकांची माफी मागितली. चूक आपली झाली, जे आपल्याला कळत नव्हतं त्यात आपण पडलो, हे लिहून. बाजाराला, सरकारला, पावसाला किंवा भागीदाराला दोष देण्याची सोय होती. ती वापरली नाही. नंतर नको ते धंदे मोडीत काढले आणि पुढची वर्षं कर्ज निस्तरण्यात घालवली. 1997 मध्ये, म्हणजे याच पडत्या काळात, अमेरिकेतल्या सिंचन संघटनेचा क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार त्यांना मिळाला. घरात वाटीभर पीठ नसताना दारावर तोरण लागावं तसा तो प्रकार असणार.

या सगळ्या काळात हृदय साथ देत नव्हतं. विकार मध्यमवयातच जडला होता, शस्त्रक्रिया झाल्या होत्या. अशा माणसाच्या घरात बायकोचा वाटा किती असतो, ते बाहेर कधी दिसत नाही. भाऊंच्या पत्नी कांताबाई यांचं नाव आज जळगावात सभागृहावर आणि नेत्रालयावर दिसतं. हयात असताना त्या मंचावर फारशा नसत. 2005 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर भाऊंनी 'ती आणि मी' हे पुस्तक लिहिलं. उद्योगपतीचं पुस्तक म्हटलं की यशाचे दहा मंत्र असतात, फोटो असतात, कोणाकोणाशी हस्तांदोलन केलं ते असतं. साठी उलटलेल्या एका मारवाडी व्यापाऱ्याने आपल्या गेलेल्या बायकोविषयी पुस्तक लिहावं, संसार हा विषय मानावा, हे खानदेशी पुरुषाच्या स्वभावाला धरून नाही. आपल्याकडे बायको गेली की पुरुष फोटोला हार घालतो आणि गप्प होतो. त्या पुस्तकाची कितीतरी पारायणं बायकांनी केली. त्यांनी आपापल्या नवऱ्यांना ते मुद्दाम वाचायला दिलं असेल, अशी मला दाट शंका आहे.

अशोक, अनिल, अजित आणि अतुल ही चार मुलं. चौघेही बापाच्याच उद्योगात आले आणि कुटुंब एकत्र राहिलं. एकत्र कुटुंबाचं मला स्वतःला फारसं कौतुक नाही. त्यात सुनांची घुसमट किती असते ते खेड्यात वाढलेल्याला सांगायला लागत नाही. पण व्यापारी घराणी फुटतात ती बहुतेक वेळा बापाच्या तेराव्यानंतर, हेही आपण पाहतो. इथे ते झालं नाही.

साहित्याशी भाऊंचं नातं कवी ना. धों. महानोरांमुळे घट्ट झालं. महानोर पळसखेडचे, भाऊ वाकोदचे, दोघेही अजिंठ्याच्या कुशीतले. एकाने शेतात कविता पाहिली, दुसऱ्याने पीक. पण पाण्याची तहान दोघांची सारखीच. भवरलाल आणि कांताबाई यांच्या नावाच्या फाउंडेशनने बहिणाबाई, बालकवी आणि महानोर यांच्या नावे साहित्यपुरस्कार सुरू केले. जळगावच्या काव्यरत्नावली चौकात कवींच्या ओळी दगडावर आल्या. पुरस्कारांबद्दल मी जरा संशयी आहे, देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या नावाहून मोठं छापलं जातं म्हणून. पण बाजारपेठेच्या गावातल्या चौकाला कवींची ओळख मिळणं मला आवडतं.

गांधीतीर्थ हा त्यांचा मोठा ध्यास. 2007 मध्ये गांधी रिसर्च फाउंडेशन स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्यात होते. जैन हिल्सवर, आमराईत, जोधपुरी दगडात इमारत उभी राहिली आणि 25 मार्च 2012 रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती, जळगावच्याच प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. गांधींचं आयुष्य दालनादालनांतून उलगडत जातं. पाहायला दोन-तीन तास हवेतच. पूर्वज जोधपूरकडून दुष्काळामुळे निघाले होते आणि सव्वाशे वर्षांनी त्याच मुलखाचा दगड खानदेशात आला, गांधींसाठी. त्याआधी 2008 मध्ये भाऊंना पद्मश्री मिळाली होतीच.

पण मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या दानांत वरचं स्थान जळगावातल्या एका शाळेचं. अनुभूती नावाच्या त्यांच्या दोन शाळा आहेत. एक निवासी, पैसेवाल्यांच्या मुलांची. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसरी 2011 मध्ये सुरू झालेली, दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांसाठीची इंग्रजी माध्यमाची. फी नाही. पुस्तकं, गणवेश, जेवण शाळेचं. धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी आणि हमालाचा मुलगा तिथे तेच शिकतात जे वरच्या वर्गातली मुलं शिकतात. गरिबाला चादर वाटणं सोपं, त्याचा फोटोही चांगला येतो. त्याच्या पोराला दहा-बारा वर्षं रोज सांभाळणं हे चिकाटीचं काम आहे आणि त्याचं फळ दिसेपर्यंत देणारा बहुधा नसतो. भाऊ नव्हते. 25 फेब्रुवारी 2016 रोजी मुंबईत जसलोक रुग्णालयात, वयाच्या 78 व्या वर्षी ते गेले. अंत्यसंस्कार जैन हिल्सवर झाले.

ते गेल्यानंतरचंही सांगायला हवं, नाहीतर हा लेख आरती होईल. 2019 मध्ये भाऊंची कंपनी पुन्हा कर्जफेडीत अडकली. बँकांबरोबरची फेररचना मार्च 2022 मध्ये पुरी झाली आणि पुढच्या वर्षी परदेशातला सिंचनाचा व्यवसाय एका आंतरराष्ट्रीय कंपनीत विलीन करून कर्जाचा भार हलका करण्यात आला. मधल्या काळात 2020 च्या टाळेबंदीत 'स्नेहाची शिदोरी' या नावाने गरजूंना जेवणाची पाकिटं वाटण्याचं काम जळगावात कुटुंबाच्या संस्थेने सुरू केलं. धंदा अडचणीत असताना अन्नछत्र चालू ठेवणं याला काही लोक दिखावा म्हणतील. जेवणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसतं.

केळीचंही सगळं गोड नाही. टिश्यूच्या रोपालाही सीएमव्ही हा विषाणूरोग होतो, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात. पानं पिवळी पट्टेरी पडतात आणि उभी बाग उपटून फेकावी लागते. करपा आहेच. मे-जूनच्या वावटळीत घडासकट झाडं आडवी होतात. पलीकडे रावेरच्या शेतकऱ्याला फळपीक विम्याचे पैसे मिळतात आणि इकडे शाहपूर-बुऱ्हाणपूरचे शेतकरी केळीला विमा द्या म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढत आले आहेत. वारा एकच, बांधही कधीकधी एकच. ठिबकने पाणी वाचलं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली आणि विहिरी, मग कूपनलिका खोल खोल गेल्या. हा दोष ठिबकचा नाही, आपल्या हावेचा आहे. आता तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी करार केला आहे. दोन्हीकडचं मिळून साडेतीन लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र त्यात येतं. बियाणं आणि नळ्या हद्द न विचारता इकडे आल्या. पाणी आणि विमा यांना मात्र सह्या लागतात.

शाहपुरातून बघताना मला एक गोष्ट राहून राहून दिसते. भाऊंच्या धंद्याचा फायदा इथे आला, पण तो आला जमीनवाल्याकडे. ज्याची विहीर, ज्याचं वावर, त्याची टिश्यू. घड खांद्यावर वाहून बागेतून रस्त्यापर्यंत आणणारा, चिकाने कपडे काळे झालेला कापणीचा मजूर त्यात कुठे नाही. त्याची मजुरी गाडीच्या हिशेबाने. घड वजनदार झाला म्हणजे त्याच्या खांद्यावरचं ओझं वाढलं, एवढाच जी-नाइनचा त्याला आलेला अनुभव. अशा माणसाच्या मुलांसाठी भाऊंनी जे केलं ते जळगावात केलं, आणि जळगावकराने आधी जळगावात करावं यात गैर काही नाही. इथलं काम इथल्यांचं आहे.

पूर्वी आपल्या बाजारांत प्रत्येक सौद्यामागे धर्मादा कापण्याची रीत होती. त्यातून पाणपोया चालत, गोशाळा चालत, वाटसरूंची सोय होई. शाहपूर-इच्छापूरच्या केळीवाल्यांना आणि बुऱ्हाणपूरच्या लिलावात बोली लावणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की ती रीत केळीला लावा. भरलेल्या प्रत्येक ट्रकमागे एका घडाची किंमत बाजूला काढा. निम्मी शेतकऱ्याने द्यावी, निम्मी व्यापाऱ्याने. त्या पैशातून कापणी मजुरांच्या मुलांसाठी एक शाळा काढा. फी न घेणारी, दुपारचं जेवण देणारी. माध्यम हिंदी ठेवा, मराठी ठेवा, इंग्रजी ठेवा, ते गावाने ठरवावं. भाऊंचं नाव दिलं नाही तरी चालेल. सुरुवात येत्या मृगबागेच्या कापणीपासून करा.